दुसरी सही

सोमवार, ३ सप्टेंबर

वही ताईने दिली. "संपादक झालीस, आता रोजचं लिहून ठेव. पुढे आत्मचरित्र लिहिशील तेव्हा खोटं कमी बोलावं लागेल," म्हणाली. ताईचं सगळं असंच असतं. वही मात्र छान आहे, पानं जाड, शाई पलीकडे उमटत नाही.

फोनवर विचारत होती, "तुम्ही पोरंपोरी नेमकं करता काय गं त्या पत्रिकेत?" म्हटलं, मोठमोठे वकील आणि प्राध्यापक आमच्या लॉ कॉलेजला लेख पाठवतात. आम्ही विद्यार्थी ते निवडतो, त्यातल्या चुका काढतो आणि छापतो. "म्हणजे लहान तोंडी मोठा घास." अगदी तसंच. पण खरं काम लेखाचं नसतंच, तळटीपांचं असतं. लेखक म्हणतो, अमक्या निकालात न्यायालय असं असं म्हणालं, आणि खाली बारीक अक्षरात खंड आणि पान देतो. आम्ही ते पान उघडून बघायचं. एकाने बघितलं की त्या पानात चिठ्ठी ठेवायची आणि प्रूफाच्या समासात सही करायची. मग दुसऱ्याने तोच खंड काढायचा, तेच पान उघडायचं, चिठ्ठी काढून फाडायची आणि शेजारी दुसरी सही करायची. दोन सह्यांशिवाय तळटीप छापायला जात नाही. हा नियम केला तेव्हाची माणसं आता भिंतीवर फोटोत आहेत.

"एवढा अविश्वास?" ताई म्हणाली. अविश्वास नाही, डोळे आहेत. दोन माणसांचे डोळे एकाच जागी चुकत नाहीत.

आज खोलीचं कुलूप माझ्या किल्लीने उघडलं. दोन टेबलं, सहा खुर्च्या, प्रूफांचं कपाट. खिडकीजवळच्या खुर्चीवर अजूनही कोणी बसत नाही. मी तिच्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा ठेवला. खुर्ची रिकामी दिसली की कामात लक्ष लागत नाही.

जानेवारीपासून एका न्यायमूर्तींकडे संशोधन सहायक म्हणून रुजू व्हायचं आहे. आईने शेजारपाजारी सांगूनही टाकलंय.

बुधवार, ५ सप्टेंबर

एका वकिलांचं दोन पानी पत्र आलं. मागच्या हिवाळी अंकातल्या वहिवाटीवरच्या लेखाच्या भरवशावर गृहस्थ कोर्टात उभे राहिले. न्यायाधीशांनी तळटीप १३७ चं पान काढायला लावलं, तर त्या पानावर बुडालेल्या जहाजाच्या विम्याचा दावा निघाला. "माझ्या अशिलाच्या घरी जायच्या वाटेचा प्रश्न होता. आपल्या कृपेने मी तोंडघशी पडलो आणि अशील शेजाऱ्याच्या कुंपणावरून उड्या मारून घरी जातो," असं लिहिलंय. खाली आणखी दोन चुका दाखवल्यात.

पत्र घेऊन सल्लागार सरांकडे गेले. सरांनी चष्मा पुसला. काही अप्रिय वाचलं की ते आधी चष्मा पुसतात.

"शुद्धिपत्र द्यावं लागेल. तीन सापडल्या म्हणजे आणखी असणार. सगळा लेख पुन्हा तपासा. पहिली तपासणी कोणाची होती?"

मी टाचणीचं, म्हणजे त्या खिडकीजवळच्या खुर्चीवालीचं, खरं नाव सांगितलं.

"अरेरे," सर म्हणाले. मग चष्मा परत लावून, "बरं. निदान आता कोणाला लागायचं नाही."

दुसरी तपासणी कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, हे आम्हाला साक्षीपुराव्याच्या पहिल्याच तासाला शिकवतात.

शनिवार, ८ सप्टेंबर

टाचणीबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

हे नाव मीच ठेवलं होतं, पहिल्या वर्षी. दिसायला बारीक आणि जिथं तिथं टोचणारी. "हे पान कोणतं? ही आवृत्ती कोणती? हे तू स्वतः बघितलंस का?" तोंडाने मात्र स्वतःसाठी कधी काही मागायची नाही. मेसमध्ये मीठ हवं असलं तरी समोरच्याकडे बघत बसायची. लिहिताना मात्र जीभ सुटायची. तळटीपांच्या चिठ्ठीवर खरं तर नुसता आकडा लिहायचा असतो, पण आम्हा दोघींच्या चिठ्ठ्यांवर गप्पा चालायच्या. "इथे न्यायमूर्तींना डुलकी लागलेली दिसते, परिच्छेद चौथा बघ." मी पाठीमागे उत्तर लिहून चिठ्ठी तिच्या वहीत सरकवायची. दुसरं आणि तिसरं वर्ष आम्ही असं घालवलं.

चौथ्या वर्षी मी वसतिगृह सोडून खोली घेतली. संपादकपदासाठी सरांच्या डोळ्यासमोर दोनच नावं होती, तिचं आणि माझं. वहिवाटीचा लेख आला. दोनशे चौदा तळटीपा, आणि लेखक असा हौशी की जवळजवळ प्रत्येक तळटीप वेगळ्या खंडातली. पहिली तपासणी तिला दिली, दुसरी मला. माझ्यामागे तेव्हा वादस्पर्धा होती, मुलाखती होत्या. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी बसून मी सगळ्या सह्या केल्या. टाचणीने बघितलेलं पुन्हा बघणं म्हणजे सूर्यापुढे दिवा धरणं. आणि करतात सगळेच, फक्त बोलत कोणी नाही.

ऑक्टोबरात ती विचित्र वागायला लागली होती. दारांना धडकायची. कागद लांब धरून वाचायची. एकदा व्हरांड्यात मला अडवून म्हणाली, "चिठ्ठ्या काढतेयस ना?" मी घाईत होते. म्हटलं, "हो गं, दीडशेपर्यंत आलेय. काढल्या, वाचल्या, फाडल्यासुद्धा." तिने "बरं" म्हटलं आणि उभीच राहिली. मी जिना उतरले. त्यानंतर ती माझ्याशी फारशी बोलली नाही. संपादकपदावरून मनात अढी धरली असणार, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

नोव्हेंबरात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर कोसळली. मेंदूत गाठ होती. तिसऱ्या दिवशी गेली. महिनाभर आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. पण कोणाला माहीतच नव्हतं.

मंगळवार, ११ सप्टेंबर

फेरतपासणी सुरू केली. एकटीच करणार आहे. बाकीच्यांवर नव्या अंकाचं ओझं आहे, असं दाढीला सांगितलं. दाढी म्हणजे आमचा उपसंपादक. दाढी वाढवल्याने वकील दिसतो, असा त्याचा समज आहे.

ग्रंथालयाच्या तळघरात जुने खंड आहेत. हे अजून स्क्रीनवर आलेले नाहीत, त्यामुळे कोणी फिरकत नाही. ग्रंथपाल बाईंनी किल्ली देताना म्हटलं, "वर्षभराने कोणीतरी आलं म्हणायचं."

पहिलाच खंड काढला, पान उघडलं आणि आत चिठ्ठी. तळटीप १. टाचणीचं अक्षर. घाबरायचं काही कारण नव्हतं. चिठ्ठी काढायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं, मग ती तिथेच असणार. तरी हात मागे घेतला. मग काढली आणि नियमाप्रमाणे फाडली.

प्रत्येक खंडात एकेक. बहुतेकांवर नुसता आकडा. नवव्या तळटीपेवर, "लेखकाला स्वल्पविरामांचा फार सोस आहे, याच्या लग्नपत्रिकेत किती असतील?" मी मोठ्याने हसले. तळघरात आवाज घुमला आणि आपल्याआधी इथे कोणीतरी हसून गेलंय असं वाटलं. ती चिठ्ठीही फाडली. चौदा फाडल्यावर हात आपोआप थांबला. पंधरावीपासून पाकिटात ठेवतेय. कशासाठी, माहीत नाही.

चुका अजून एकही नाही. टाचणी ती टाचणीच.

बुधवार, १२ सप्टेंबर

दिवसभर तळघर. पान उघडलं की ती नुकतीच उठून गेल्यासारखं वाटतं. बाक गरम लागेल की काय, म्हणून मी हात लावून बघितला. मूर्खपणा.

तळटीप ९६: "आज डोकं ठणकतंय. तुझ्याकडे गोळी आहे का?"

तळटीप १०९: "मला ३ आणि ८ सारखेच दिसतायत. इथे तू नीट बघ हं."

तळटीप १०९ मध्ये चूक आहे. १३१ छापलंय, हवं १८१. पहिली चूक. चष्म्याचा नंबर वाढला असणार, आमच्यात सगळ्यांचाच वाढतो.

वर आले तर दाढी शुद्धिपत्राचा कागद घेऊन बसलेला. "पहिली सही टाचणीची, ठीक आहे, गेलेल्या माणसाला काय बोलणार? पण दुसरा शहाणा कोण होता गं? त्याला सोडायचा नाही आपण."

"प्रूफं सापडत नाहीयेत," मी म्हटलं.

प्रूफं माझ्या पिशवीत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि दाढी पिशवीकडेच बघतोय असं सारखं वाटत होतं. तो घड्याळाकडे बघत होता.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आहेत तशा उतरवते.

१२१: "अक्षरं दोन दोन दिसतात. एक खरं आणि एक त्याच्या शेजारी. कुठलं खरं ते ओळखायचा मी नियम बसवलाय, डावीकडचं. तू हसशील."

१२८: "घरी सांगितलं तर आई शिवण टाकून धावत येईल आणि घेऊन जाईल. परीक्षा बुडेल. तू येशील माझ्याबरोबर डॉक्टरकडे? गुरुवारी दुपारी. मला एकटीला भीती वाटते."

१३७: "इथलं पान मला नक्की दिसत नाही. सही केलीये, पण माझ्यावर जाऊ नकोस. तू बघ."

१४०: "गुरुवारी फाटकाशी थांबले होते. तू अजून १२८ पर्यंत आली नसशील. पुढच्या गुरुवारी? वेळ तीच."

१३७ म्हणजे त्या वकिलांच्या जहाजाचं पान.

त्या गुरुवारी मी कुठे होते, हे आठवायचा दिवसभर प्रयत्न केला. महत्त्वाचं काही असतं तर आठवलं असतं.

मला तिचा रागही आलाय, तेही लिहून ठेवते. तोंड दिलं होतं ना देवाने? खांदा धरून सांगायचं, चल म्हणून. फरफटत न्यायचं. चिठ्ठ्या कसल्या लिहायच्या? पण मग वाटतं, तिने तरी काय करायचं होतं? चिठ्ठी ही माझ्यापर्यंत पोचायची सगळ्यात खात्रीची जागा होती. मला ते पान उघडावंच लागणार होतं. तसा नियमच होता.

मंगळवार, १८ सप्टेंबर

तीन दिवस तळघरात गेले नाही. आजूबाजूला माणसं असतील अशाच ठिकाणी बसले. कॅन्टीनमध्ये कोणीतरी वही मिटली तरी दचकायला होतं.

आईचा फोन. न्यायमूर्तींकडे जाताना घालायला दोन पोशाख शिवायला टाकलेत. "रंग सांगितला नाहीस, मी आपला करडा सांगितला. करडा कुठेही चालतो."

शुद्धिपत्राचा मसुदा आज मीच केला. चुकांचा तक्ता, आणि खाली एक वाक्य: "सदर तळटीपांची तपासणी करणारी विद्यार्थिनी हयात नसल्याने याबाबत अधिक खुलासा देता येत नाही." सरांनी दोनदा वाचलं.

"उत्तम वाक्य. एकही शब्द खोटा नाही."

खरंच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, मुलगी निष्काळजी होती आणि आता गेली, जाऊ द्या. सर पुढे म्हणाले, "कच्ची प्रूफं जपून ठेवायचा काही नियम नाही. शनिवारी रद्दी जाते." म्हणजे त्यांना माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. चांगला माणूस आहे, मला वाचवायला बघतोय.

मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. माझी जाईल. तिचं आता काय बिघडणार आहे? हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारते आणि दहाही वेळा उत्तर "काही नाही" असं येतं. मग पुन्हा का विचारावा लागतो, ते कळत नाही.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

तक्ता पुरा करायचा होता म्हणून गेले. नुसते आकडे बघायचे, चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, असं ठरवून गेले.

तळटीप १७१: "परवा तू म्हणालीस, दीडशेपर्यंत वाचल्या. म्हणजे १२८ वाचलीस. १४० पण. मग काही बोलली का नाहीस?"

मी तिथेच खाली बसले, फरशीवर, दोन कपाटांच्या मधे. ग्रंथपाल बाई खाली आल्या, काय झालं म्हणाल्या. मी म्हटलं, चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं. "ती पण अशीच बसायची इथे," म्हणाल्या. "भिंतीला डोकं टेकून. मी विचारलं तर म्हणायची, मैत्रीण येणारे."

जिन्याजवळ तिने विचारलं तेव्हा मी एकही खंड उघडला नव्हता. नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग बघ, लवकर बघ. किंवा तोंडाने सांगितलं असतं. मी हो म्हटलं. साध्या कंटाळ्यापायी हो म्हटलं. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस ती कॉलेजात वावरत होती आणि तिच्या हिशेबी मला सगळं माहीत होतं. मी व्हरांड्यातून तिला हात करून जायची.

अढी तिच्या मनात नव्हती.

शनिवार, २२ सप्टेंबर

सकाळी दाढीला प्रूफं दाखवली. दोनशे चौदा वेळा माझी सही. शेवटी शेवटी तर नुसती रेघ. दाढीने पानं शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाला, "मीही केल्यात अशा. दुसऱ्या लेखावर." आणि उठून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःच्या लेखाची प्रूफं होती, तळघराची किल्लीही होती.

सरांना नवा मसुदा दिला. खालचं वाक्य असं केलंय: "पहिली तपासणी करणारी विद्यार्थिनी आजारी होती व आपल्या नजरेवर विसंबू नये असे तिने वेळोवेळी लेखी कळवले होते. दुसरी तपासणी झालीच नाही. प्रस्तुत संपादकाने एकही खंड न उघडता सर्व सह्या केल्या." खाली माझं पूर्ण नाव.

सरांनी चष्मा पुसला नाही. काढून टेबलावर ठेवला.

"न्यायमूर्ती आपला अंक वाचतात, माहीत आहे ना? पहिल्या पानापासून."

"हो, सर."

"हे एक वाक्य गाळलं तर कोणाचं काय बिघडतं?"

उत्तर पाठ करून गेले होते, कायद्याच्या भाषेत. एक शब्द आठवेना. "सर, ती निष्काळजी नव्हती," एवढंच म्हटलं आणि रडले. सरांसमोर रडायचं नाही, असं ठरवलेलं होतं.

"पत्रिका विद्यार्थ्यांची आहे," सर शेवटी म्हणाले. "मला सल्ला देता येतो, अडवता येत नाही. ज्याने हा नियम केला त्याला कधी कधी शिव्या द्याव्याशा वाटतात." मग माझ्याकडे न बघता, "रद्दीवाल्याला मी आज येऊ नको सांगतो."

मी शूर वगैरे नाही. घरी येईपर्यंत तीन वेळा वाटलं, परत जावं आणि कागद मागून घ्यावा.

गुरुवार, २७ सप्टेंबर

अंक छापायला गेला.

न्यायमूर्तींना मी सोमवारीच स्वतः पत्र टाकलं होतं. आज त्यांच्या कार्यालयाचं उत्तर आलं, तीन ओळींचं. नेमणूक रद्द. हस्ताक्षरात खाली एक ओळ जास्त आहे: "कळवलंत हे बरं केलंत." आईला सांगितलं. ती म्हणाली, "कापड कापून झालंय, शिलाई द्यावीच लागेल." आणि फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत केला, जेवलीस का विचारायला.

तळघर संपलं. शेवटची चिठ्ठी तळटीप २०९ मध्ये. ती वाचता येत नाही. ओळीवर ओळ लिहिलीये, एकीत एक गुंतलेली. खिडकीशी नेली, भिंग लावलं, दाढीला दाखवली, काही उलगडत नाही. २१० ते २१४ मध्ये चिठ्ठ्या नाहीत. प्रूफावर तिच्या सह्या आहेत, पण समासात नाहीत, मजकुरावर कुठेतरी भरकटलेल्या.

पाकिटात एकशे पंच्याण्णव. या चिठ्ठ्या माझ्या नाहीत. रविवारी तिच्या आईकडे जाते. तिथे काय बोलायचं ते सुचत नाही, आणि आता मसुदाही करवत नाही.

रविवार, ३० सप्टेंबर

बसने अडीच तास. घर दुसऱ्या मजल्यावर, खालच्या दुकानात काकूंचं शिवणाचं मशीन. रविवार म्हणून दुकान बंद होतं, तरी काकू आतच होत्या, कोणाच्या तरी सदऱ्याला काजं करत. मला बघून उठल्या नाहीत. "ये," म्हणाल्या. "वर्ष लावलंस गं."

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. दोघांच्या डोळ्यांचा नियम, सह्या, जिन्याजवळचं हो. शुद्धिपत्राची प्रत पुढे केली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि कात्रीखाली ठेवली.

"याने तुझं काय होणार?"

"नोकरी गेली, काकू."

"आणि तिचं?"

"तिचं नाव राहील."

"नाव," काकू म्हणाल्या. "मला ते हाक मारायला हवं होतं."

मी मान खाली घातली. मशीनखाली दोऱ्यांचे तुकडे पडले होते, त्यांकडे बघत राहिले.

मग त्याच बोलायला लागल्या, हातातलं काज न सोडता. "ऑक्टोबरात फोनवर म्हणाली, डोकं दुखतं थोडं. मी म्हटलं, येते. तर म्हणाली, नको, मैत्रिणीला लिहून ठेवलंय, ती नेणारे डॉक्टरकडे. मी म्हटलं, मग ठीक. दोघी शिकलेल्या मुली, मी येऊन काय करणार? त्या आठवड्यात माझ्याकडे लग्नाचे कपडे होते शिवायला." सुई थांबली. "तू वाचलं असशील, नेलं असशील, डॉक्टरला कळलं नसेल, असंच मी वर्षभर धरून चालले होते. तू आली नाहीस, तेव्हा वाटायचं, बिचारीला तोंड दाखवायला जड जात असेल."

पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी एकेक चिठ्ठी काढून मशीनच्या फळीवर लावली. नुसते आकडे असलेल्याही सगळ्या वाचल्या. कुठे कुठे हसल्या. १२८ वाचून झाल्यावर उठून पाणी प्यायल्या आणि परत बसल्या. पहिल्या चौदा कुठे आहेत, विचारलं. फाडल्या, म्हटलं. त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

शेवटची आली. "ही वाचता येत नाही, काकू. सगळ्यांना दाखवली."

त्यांनी ती मशीनच्या दिव्याखाली धरली. थोडी तिरकी केली. उसवलेल्या शिवणीवरून फिरवावं तसं बोट एका ओळीवरून नेलं, मग मागे आणून दुसरीवरून. मला वाटलं होतं, वेळ लागेल. काही लागला नाही. लहानपणापासून तिच्या पाटीवरचं वाचलेलं.

"'रागावलीस का माझ्यावर?'" काकूंनी वाचलं. "'माझं काही चुकलं असेल तर सांग. मी माफी मागेन. पण ये.'"

बाहेर रस्त्यावरून माणसं जात होती. काकूंनी बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि गल्ल्याच्या खणात ठेवल्या. ही एक बाहेर राहिली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"ही तुला लिहिली आहे," म्हणाल्या.